आयबीडी: पोटाचा हा आजार आपल्याकडे खरंच दुर्मीळ आहे का?

जुलाब, पोटात कळा आणि शौचातून रक्त. या तीन गोष्टींबद्दल आपण घरात किती मोकळेपणाने बोलतो? सर्दी झाली की चारचौघांत सांगतो, गुडघे दुखले की शेजारच्या काकूंनाही सांगतो. पण दिवसातून आठ वेळा शौचाला जावं लागतंय, हे मात्र आईलासुद्धा सांगायला जीव कचरतो. मग सुरू होतात घरगुती उपाय. कधी ताक, कधी इसबगोल, कधी मेडिकलमधून आणलेली जुलाबाची गोळी. आणि रक्त दिसलंच, तर ‘मूळव्याध असेल, उष्णता वाढलीय’ असं म्हणून विषय संपतो.

बहुतेक वेळा ते खरोखर साधंच काहीतरी असतं. पण काही घरांमध्ये ते साधं नसतं. त्या आजाराचं नाव आहे ‘इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज’, म्हणजेच आयबीडी. मराठीत त्याला आतड्यांचा दाहक आजार म्हणता येईल.

हा आजार पाश्चात्त्य देशांतला, गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे क्वचितच होणारा, असं अनेक वर्षं मानलं जायचं. डॉक्टरांच्या पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असायचं. मग प्रत्यक्षात आपल्याकडे तो किती जणांना होतो? हा प्रश्न वरवर फक्त आकड्यांचा वाटतो. पण तुमच्या घरातल्या कुणाचं पोट तीन महिने बिघडलेलं असेल, तर डॉक्टरांच्या डोक्यात पहिली शंका कुठल्या आजाराची येते, हे याच आकड्यांवर ठरतं. जो आजार ‘आपल्याकडे नसतोच’, तो कुणी शोधतही नाही. म्हणून आज हे आकडे जरा समजून घेऊया.

आयबीडी म्हणजे नेमकं काय?

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढते. आयबीडीमध्ये ही यंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच तुटून पडते. आतड्याला सूज येते, जखमा होतात आणि त्या पुन्हा पुन्हा होत राहतात.

याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

अल्सरेटिव्ह कोलायटिस: हा फक्त मोठ्या आतड्यात होतो. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज आतल्या अस्तरापुरती राहते. शौचातून रक्त आणि आव पडणं, पुन्हा पुन्हा शौचाला लागणं ही याची मुख्य लक्षणं. इंग्लंडमधले डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं.

क्रोन्स डिसीज: हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त दिसतो. सूज आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते, त्यामुळे आतडं अरुंद होणं किंवा भगेंद्र होणं असे त्रास होऊ शकतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये यावर लेख लिहिला आणि क्रोन यांचंच नाव या आजाराला पडलं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करूया. आयबीडी आणि आयबीएस हे दोन वेगळे आजार आहेत. नावं सारखी वाटतात म्हणून खूप गोंधळ होतो. आयबीएसमध्ये पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता होते, पण आतड्यात जखमा नसतात, रक्त जात नाही आणि वजन घटत नाही. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखर इजा होत असते.

आयबीडी संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने तो होत नाही. तो पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, पण औषधांनी तो वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना तरुणपणापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. या आजारामुळे त्यांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद सोडलं. पण मधली जवळजवळ आठ वर्षं त्यांनी सलग देशाचा कारभार चालवला, हेही तितकंच खरं.

दोन आकडे, दोन अर्थ

कुठलाही आजार ‘किती’ आहे हे सांगताना डॉक्टर दोन वेगवेगळे आकडे वापरतात. बातम्यांमध्ये ते बऱ्याचदा एकमेकांत मिसळलेले असतात.

तुमच्या सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत आत्ता एकूण किती पाणी आहे, हा एक आकडा. आणि नळातून रोज किती नवं पाणी पडतंय, हा दुसरा. आजाराच्या बाबतीत आज एकूण किती रुग्ण आहेत हा पहिला आकडा. एका वर्षात किती नवे रुग्ण सापडले हा दुसरा. दोन्ही साधारणपणे एक लाख लोकांमागे सांगतात.

आता आयबीडीची गंमत बघा. हा आजार बहुतेकांना तरुणपणी होतो, विशी-तिशीत किंवा चाळिशीच्या आसपास. तो आयुष्यभर राहतो, पण योग्य उपचार मिळाले तर माणूस भरपूर जगतो. म्हणजे टाकीत पाणी येत राहतं, पण बाहेर फार थोडं जातं. नळाची धार बारीक असली तरी टाकी भरतच जाते. म्हणूनच नव्या रुग्णांचा आकडा लहान दिसला तरी निश्चिंत होता येत नाही.

पंजाबमधली दारोदारची मोजणी

भारतात आयबीडीची खरीखुरी, लोकांच्या घरी जाऊन केलेली मोजणी फार कमी वेळा झाली आहे. रुग्णालयात आलेले रुग्ण मोजणं सोपं असतं. पण जे रुग्णालयात येतच नाहीत त्यांचं काय? ते मोजायचे तर दारोदार जावं लागतं.

हे काम लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. जानेवारी ते मार्च १९९९ या काळात त्यांच्या चमूने पंजाबमध्ये ५१,९१० लोकांची माहिती घेतली. त्यातल्या १४७ जणांची लक्षणं संशयास्पद वाटली. त्यांची पुढची तपासणी झाली आणि शेवटी २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं नक्की झालं. म्हणजे लाखात ४४.३ रुग्ण. वर्षभराने चमू पुन्हा त्याच भागात गेला, तेव्हा ३ नवे रुग्ण सापडले. म्हणजे वर्षाला लाखामागे ६.०२ नवे रुग्ण. हा अभ्यास २००३ मध्ये ‘गट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्याआधी, १९८० च्या दशकात हरियाणामध्ये झालेल्या अशाच पाहणीतही लाखात ४२.८ असा जवळपास तोच आकडा आला होता.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ६.०२ हा आकडा दशांशात लिहिला की खूप नेमका वाटतो. पण तो फक्त ३ रुग्णांवर उभा आहे. त्या वर्षी ३ ऐवजी २ सापडले असते तर आकडा ४ झाला असता, आणि ५ सापडले असते तर १०. म्हणजे हा आकडा साधारण अंदाज देतो, शेवटचा निकाल देत नाही. तरीही या मोजणीने एक मोठं काम केलं. ‘भारतात हा आजार जवळजवळ नाहीच’ हा समज तिने मोडला.

मग बेंगळुरूत किती?

मी हे बेंगळुरूच्या इंदिरानगरमधून लिहितेय, तेव्हा साहजिकच मनात आलं, की आपल्या शहरासाठी हा हिशेब करून बघूया. २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ८४ लाख लोक होते. पंजाबचं प्रमाण जसंच्या तसं लावलं, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचे सुमारे ३,७०० रुग्ण होतात. म्हणजे साधारण २,२५० माणसांमागे एक.

आता हाच हिशेब स्कॉटलंडच्या एडिनबराचं प्रमाण लावून करा. तिथल्या लोथियन भागात २०१८ मध्ये लाखात ७८४ लोकांना आयबीडी होता, म्हणजे साधारण १२८ माणसांमागे एक. हे प्रमाण लावलं तर ८४ लाखांच्या शहरात ६५ हजारांहून जास्त रुग्ण होतील.

अर्थात पंजाब म्हणजे बेंगळुरू नाही आणि बेंगळुरू म्हणजे एडिनबराही नाही. शिवाय पंजाबच्या आकड्यात क्रोन्स डिसीज धरलेला नाही. पण या दोन टोकांमधलं अंतर बघा. आपलं शहर आज कुठल्या टोकाच्या जवळ आहे आणि कुठल्या दिशेने चाललंय, हाच खरा प्रश्न आहे.

दिशेचा अंदाज शेजारच्या हैदराबादवरून येतो. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या १३ देश-प्रदेशांत नव्या रुग्णांची मोजणी करणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातून त्यात हैदराबाद होतं. आशियाची सरासरी वर्षाला लाखामागे १.५० नवे रुग्ण अशी आली. हैदराबादमधला आकडा होता ९.३१, आशियातल्या सगळ्या ठिकाणांमध्ये सर्वांत जास्त! लोकवस्ती जितकी दाट, तितकं आयबीडीचं प्रमाण जास्त, असा संबंधही या अभ्यासात दिसला. मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून थोडं थांबायला हवं.

देशभरात एकूण किती?

इथे मात्र अंदाजांमध्ये प्रचंड फरक आहे. जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या प्रकल्पानुसार १९९० मध्ये जगात आयबीडीचे सुमारे ३७ लाख रुग्ण होते, २०१७ मध्ये ते ६८ लाख झाले. याच प्रकल्पाच्या आकड्यांप्रमाणे भारतात १९९० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार रुग्ण होते आणि २०१९ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार. म्हणजे दुपटीहून जास्त.

पण २०१७ च्या एका अभ्यासलेखात २०१० सालच्या भारतासाठी १४ लाख रुग्णांचा अंदाज मांडलेला आहे. आणि पंजाबचं लाखात ४४.३ हे प्रमाण २०११ च्या १२१ कोटी लोकसंख्येला लावलं, तर एकट्या अल्सरेटिव्ह कोलायटिसचेच ५ लाख ३६ हजार रुग्ण होतात.

कुणाचं खरं मानायचं? फरक का पडतो ते समजलं की पुरे. नोंदी कमी असल्या की तज्ज्ञांना गणिताने अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येकाचं गणित वेगळं असतं. कॅन्सरच्या बाबतीत असं होत नाही, कारण मुंबईत १९६३ पासून आणि बेंगळुरूत १९८२ पासून कॅन्सरच्या रुग्णांची लोकसंख्येवर आधारित नोंदणी होते. तशीच नोंदणी आयबीडीसाठी झाली, तर किती तज्ज्ञ डॉक्टर हवेत, किती औषधं लागतील, कुठल्या जिल्ह्यात कोलोनोस्कोपीची सोय हवी, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

‘हा शहरी लोकांचा आजार’ हे खरं का?

बऱ्याच जणांना वाटतं, की गावाकडची साधी भाजी-भाकरी खाणाऱ्यांना हे आजार होत नाहीत. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने हा समजही तपासला. त्यांनी शहरातल्या रुग्णालयात आलेल्या आणि ग्रामीण आरोग्य शिबिरांत तपासलेल्या, पोटाची लक्षणं असलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांची माहिती अभ्यासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की तक्रार घेऊन आलेल्यांमध्ये आयबीडी सापडण्याचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखंच होतं.

याचा अर्थ सरळ आहे. गावाकडे आयबीडी आहे. पण तिथे कोलोनोस्कोपी नसते, म्हणून तो सापडत नाही. जिथे तपासणीची सोय जाते, तिथे रुग्णही दिसू लागतात. सांगली, लातूर किंवा बेळगावजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या मामाला किंवा आत्याला असा त्रास असेल, तर ‘आपल्याकडे कुठे असतं असलं काही’ असं म्हणून सोडून देऊ नका.

देश बदलला की आजारही बदलतो

आयबीडी रक्तातच असतो की परिस्थितीमुळे होतो? याचं उत्तर परदेशी गेलेल्या भारतीय कुटुंबांनी दिलंय.

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात भारतीय वंशाचे खूप लोक राहतात. त्यांच्यापैकी बरेच जण पूर्व आफ्रिकेतून तिथे गेले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की लेस्टरमधल्या दक्षिण आशियाई लोकांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या मूळच्या युरोपीय लोकांपेक्षाही जास्त होतं, जवळजवळ दुप्पट!

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला २०१५ चा अभ्यास आणखी पुढे जातो. बाहेरून आलेल्या लोकांमध्ये आयबीडी कमी होता. पण माणूस जितक्या लहान वयात कॅनडात आला, तितका धोका जास्त. दर दहा वर्षांच्या फरकाला सुमारे १४ टक्क्यांनी. आणि दक्षिण आशियातून आलेल्या पालकांच्या, कॅनडात जन्मलेल्या मुलांमध्ये तर हे प्रमाण इतर कॅनेडियन मुलांइतकंच झालं. आईवडिलांचे जीन्स तेच, फक्त बालपण वेगळ्या ठिकाणी गेलं.

शिवाय युरोपीय लोकांमध्ये क्रोन्सशी जोडलेले ‘नॉड टू’ या जीनमधले जे तीन बदल प्रसिद्ध आहेत, ते भारतीय रुग्णांमध्ये जवळजवळ सापडत नाहीत. म्हणजे आपल्याकडची कारणं शोधायला आपल्याच घरात, ताटात आणि परिसरात बघावं लागेल.

मग वाढतोय का?

एकच कारण सांगता येईल असा हा आजार नाही. पण काही धागे हाती लागले आहेत.

पाकीटबंद खाणं: ‘प्युअर’ नावाच्या अभ्यासात २१ देशांतल्या १ लाख १६ हजार लोकांच्या आहाराची माहिती घेऊन त्यांच्यावर अनेक वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. भारतातल्या केंद्रांमध्ये बेंगळुरूची सेंट जॉन्स ही संस्थाही आहे. २०२१ च्या निष्कर्षानुसार चिप्स, बिस्किटं, थंड पेयं, तयार मांस यांसारखे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिवसातून ५ किंवा जास्त वेळा खाणाऱ्यांमध्ये आयबीडीचा धोका, एकापेक्षा कमी वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता.

स्वच्छता आणि जंतू: वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये क्रोन्सचे रुग्ण आणि निरोगी लोक यांची तुलना केली. ज्यांच्या अंगणात गुरं होती आणि जे नियमित मासे खायचे, त्यांच्यात क्रोन्स कमी दिसला. लहानपणी मातीशी, जनावरांशी संबंध आला की रोगप्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायचं शिक्षण मिळतं, असा एक विचार यामागे आहे. पण म्हणून कुणी अस्वच्छ पाणी पिऊ नये! त्यातून होणारी कावीळ आणि टायफॉइड आपल्याला चांगलेच माहीत आहेत.

अँटिबायोटिक्स: बालपणी पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक्स दिलेल्या मुलांमध्ये पुढे आयबीडीचं प्रमाण जास्त दिसल्याचे अनेक अभ्यास आहेत. प्रत्येक सर्दीला जुन्या चिठ्ठीवरून औषध आणू नका.

धूम्रपान: सिगारेटमुळे क्रोन्स नक्कीच बिघडतो.

आणि ताणतणाव? ताणामुळे लक्षणं वाढू शकतात, पण ‘तू टेन्शन घेतेस म्हणून तुला हे झालं’ असं रुग्णाला सांगणं चुकीचं आणि क्रूर आहे.

टीबी की क्रोन्स? आपल्याकडची मोठी अडचण

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. टीबी फक्त फुप्फुसांना होत नाही, आतड्यालाही होतो. आणि आतड्याचा टीबी व क्रोन्स हे दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणं. दोन्हींत लहान आतड्याच्या टोकाशी जखमा. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी करूनही कधी कधी फरक कळत नाही.

अशा वेळी आधी टीबीची औषधं देऊन बघण्याची पद्धत आहे, कारण क्रोन्सची औषधं टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी भडकू शकतो. हे बरोबरच आहे. पण दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलंय, की क्रोन्सच्या रुग्णाला टीबीचे उपचार देण्यात वेळ गेला, तर आतडं अरुंद होण्याचा धोका वाढतो. म्हणून तुमच्या घरात कुणाला पोटाच्या टीबीची औषधं सुरू असतील, तर औषधं मनाने अजिबात बंद करू नका. पण डॉक्टरांना इतकं नक्की विचारा: ‘फरक पडतोय की नाही हे आपण कधी आणि कसं तपासणार?’ साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी केली, तर जखमा भरतायत की नाही हे दिसू शकतं.

इथेच मोजणीचं महत्त्व पुन्हा कळतं. क्रोन्स दुर्मीळ आहे असं मानलं, तर टीबीचाच संशय जास्त काळ टिकून राहतो आणि रुग्णाचे महिने वाया जातात.

ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जा

- दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ जुलाब होत राहणं
- शौचातून रक्त किंवा आव पडणं, मग दुखत असो वा नसो
- शौचासाठी रात्री झोपेतून उठावं लागणं
- प्रयत्न न करता वजन घटणं, सतत थकवा, हिमोग्लोबिन कमी होणं
- पुन्हा पुन्हा येणारा बारीक ताप
- गुदद्वाराजवळ गळू किंवा भगेंद्र वारंवार होणं
- पोटाच्या त्रासाबरोबर सांधेदुखी किंवा डोळे लाल होणं
- लहान मुलांची उंची-वजन न वाढणं, वयात येण्यास उशीर होणं

यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे आयबीडीच आहे असं नाही. मूळव्याधही असू शकते, साधा संसर्गही असू शकतो. पण ‘मूळव्याधच आहे’ हे तपासल्यावर ठरायला हवं, घरात बसून नाही. सुरुवातीला रक्ताची तपासणी आणि शौचातल्या ‘कॅलप्रोटेक्टिन’ची तपासणी करतात. आतड्यात सूज असेल तर हे प्रथिन वाढलेलं दिसतं. त्यानंतर गरज असेल तर कोलोनोस्कोपी. तिची भीती अनेकांना वाटते, पण ती साधारणपणे गुंगीचं औषध देऊन करतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

बरं वाटलं म्हणून औषध थांबवू नका. आयबीडीत बरं वाटणं म्हणजे आजार शांत असणं. औषध थांबवलं की तो पुन्हा उसळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच सुरू किंवा बंद करू नका.

दुखण्यावरच्या गोळ्या विचारून घ्या. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांमुळे काही जणांचा आजार बळावतो.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. आपल्याकडे आजारी माणसाला आधी दूध बंद, मग गहू बंद, मग डाळ बंद. शेवटी उरतो फक्त मऊ भात. आधीच वजन घटलेल्या माणसाची यात आणखी हानी होते. सगळ्यांना चालेल असं एकच पथ्य नाही. ज्याने त्रास होतो तेवढंच टाळा, आणि शक्य असेल तर आहारतज्ज्ञांना विचारा.

लग्न आणि बाळ यांची भीती घालू नका. आजार शांत असेल तर आयबीडी असलेल्या बहुतेक मुली निरोगी बाळाला जन्म देऊ शकतात. गर्भारपणात औषधाच्या भीतीने उपचार सोडणं आणि आजार भडकणं, हाच मोठा धोका असतो. काही औषधं मात्र आधीच बदलावी लागतात, म्हणून बाळाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. आणि आईला किंवा वडिलांना आयबीडी असला, तरी मुलाला तो होईलच असं नाही. बहुतेक मुलांना होत नाही.

नियमित तपासणी चुकवू नका. मोठ्या आतड्याचा आजार ८ ते १० वर्षं जुना झाला, की कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. तो वेळीच पकडण्यासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करतात.

स्वच्छतागृहाची अडचण समजून घ्या. आयबीडी असलेला माणूस घराबाहेर पडताना आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघतो. इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर जेवायला जायचं असो की पुण्याला बसने जायचं असो, त्याचा हिशेब वेगळा असतो. त्याने येणं टाळलं तर ‘माणूसघाणा झालाय’ म्हणू नका. निघण्याआधी दहा मिनिटं द्या, वाटेत थांबायची तयारी ठेवा. ऑफिसमध्ये असा सहकारी असेल तर मीटिंगमधून त्याला उठून जाऊ द्या, मान वळवून बघू नका.

आपण आत्ता कुठे आहोत?

कॅनडाच्या कॅल्गरी विद्यापीठातले गिलाड कॅप्लन आणि जोसेफ विंडसर यांनी २०२१ मध्ये आयबीडीच्या प्रवासाचे चार टप्पे सांगितले. पहिल्या टप्प्यात तुरळक रुग्ण दिसतात. दुसऱ्यात नवे रुग्ण झपाट्याने वाढतात. तिसऱ्यात नव्या रुग्णांची वाढ मंदावते, पण जुने रुग्ण साठत जाऊन एकूण आकडा फुगतो. चौथ्या टप्प्यात आवक-जावक सारखी होऊन आकडा स्थिरावेल, अशी त्यांची मांडणी आहे. युरोप आणि उत्तर अमेरिका तिसऱ्या टप्प्यात आहेत. भारत दुसऱ्या टप्प्यात आहे.

म्हणजे आपल्या टाकीत पाणी भरायला नुकती सुरुवात झालीय. स्कॉटलंडला किंवा कॅनडाला ही सूचना आधी मिळाली नव्हती, आपल्याला मिळालीय. मुलांच्या डब्यातली पाकिटं कमी करणं, अँटिबायोटिक्स विचारून देणं, आणि पोटाच्या तक्रारीवर घरात न लाजता बोलणं, एवढं तर आपल्या हातात आहे.

दरवर्षी १९ मे हा जागतिक आयबीडी दिन असतो, पण या विषयावर बोलायला तेवढी वाट बघायची गरज नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर घरात सहज विचारा, ‘कुणाचं पोट बरेच दिवस बिघडलेलं नाही ना?’ कुणी उत्तर द्यायला कचरलं, तर दुसऱ्या दिवशी एकट्यात पुन्हा विचारा. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. एकट्याने हे सांगायला फार जड जातं.